मोत्याचे दात

मूलजवळच्या आमच्या शेतावर मोत्या आहे. धान लोंबीवर आले की रानडुकरे बांधीत शिरतात, म्हणून अब्बांनी त्याला आणले होते. राखणीसाठी कुत्रा पाळायला आमच्यात मुभा आहे, घरात मात्र घेत नाहीत. त्याने भांड्यात तोंड घातले तर ते सात वेळा धुवायचे, हे अम्मीने लहानपणीच शिकवलेले. त्यामुळे दहा वर्षे मोत्याच्या पाठीवरून हात फिरला, पण तोंडात कोणी डोकावले नाही. मी त्याच्या इमानावर कविता लिहिली. दातांवर कोण लिहितो?

मग तो भात हुंगून मागे सरू लागला. आम्ही म्हटले, वय झाले. गुरांच्या डॉक्टरांनी ओठ वर उचलला, तेव्हा दाढा तपकिरी थराखाली बुजलेल्या आणि हिरड्या सुजलेल्या दिसल्या. कुत्र्याला ‘आ कर’ म्हणून भागत नाही; पूर्ण भूल द्यावी लागते. त्यासाठी नागपूर गाठले. चार दाढा गेल्या.

हे ऐकून पुण्याचा भाचा ‘डेंटल स्टिक’चे पाकीट घेऊन आला. “मामू, रोज एक द्या.” एक कांडी वीस रुपयांची धरली, तरी महिन्याचे ६०० रुपये. आमच्याकडे एवढ्यात त्याचे महिन्याचे तांदूळ येतात.

मग पैसे वाया का? अगदी तसे नाही. दातांवरचा मऊ थर दोन-तीन दिवसांत कडक होऊ लागतो. कांडी चावताना तो मऊ असतानाच खरवडला जातो, मुख्यतः दाढांवरचा. हिरडीखाली ती पोचत नाही आणि एकदा दगड झालेला थर तिने निघत नाही. अमेरिकेतली व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल १९९७ पासून चाचण्यांचे निकाल पाहून अशा वस्तूंना शिक्का देते. पाकिटावरचे हसरे कुत्रे म्हणजे तो शिक्का नव्हे. लाडाने महिन्यातून दोनदा दिलेली कांडी तर निव्वळ खाऊ.

शिजवलेले हाड फुकट मिळते, पण ते फुटून टोचते, घशात अडकते. फार कडक वस्तूने दाढच तडकते. रोज मऊ ब्रश किंवा बोटाला गुंडाळलेले ओले फडके फिरवणे सर्वांत चांगले. आपली पेस्ट मात्र नको; काहींत झायलिटॉल असते, ते कुत्र्याला विषारी. ज्याला रोज हे जमत नाही, त्याने कांडी जरूर घ्यावी. आम्ही फडके घेतले.

आता शेतावर मोत्याच्या जोडीला एक पिल्लूही आहे. संध्याकाळी मी दोघांची तोंडे पुसतो, मग हापशीवर हात धुतो. घरी आलो की अम्मी विचारते, “नीट धुतले ना?” आणि लगेच, “मोत्या जेवला का?”