जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनी आरोग्य, पाककृती अथवा बालसंगोपन यांवर बोलावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. मी मात्र आज मंडळाच्या कपाटावर धूळ खात पडलेल्या संगणकाविषयी बोलणार आहे. तो भंगारात द्यावा, असे कार्यकारिणीत जवळजवळ ठरलेच होते. आपल्या बिबवेवाडीत घरोघरी असा एखादा संगणक ओढणीखाली झाकलेला आढळेल.

यंत्र मंद झाले म्हणजे ते म्हातारे झाले, असे आपण समजतो. पुष्कळदा वाढलेले असते ते त्यावरचे ओझे. मार्केट यार्डात पन्नास किलोचे पोते सहज उचलणाऱ्याच्या पाठीवर दोनशे किलो ठेवले, तर तो खाली बसणारच! संगणकाचा सारा कारभार पाहणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम, ती दर काही वर्षांनी जड होत जाते. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि विंडोज ११ पुष्कळशा जुन्या यंत्रांना अधिकृतपणे चालत नाही. मग दुकानदार ‘नवीनच घ्या’ म्हणतो.

यावर एक उपाय आहे, त्याचे नाव लिनक्स. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने याचा आरंभ केला आणि पुढे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. कोणीही ते विनामूल्य घ्यावे, वापरावे, दुसऱ्यास द्यावे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेच्या चेन्नई केंद्राने २००७ साली भारतीय भाषांसाठी ‘बॉस’ नावाचे लिनक्स काढले, हेही आपणांस ठाऊक असावे. एकाच डाळीची आमटी घरोघरी निराळी, तसे लिनक्सचे प्रकार अनेक. आम्ही निवडला तो मिंटचा ‘एक्सएफसीई’ हा हलका प्रकार. त्यास निदान २ जीबी मेमरी आणि २० जीबी जागा लागते. मेमरी ४ जीबी असल्यास उत्तम. यंत्र ६४ बिटांचे मात्र हवे. त्याहून जुन्या, ३२ बिटांच्या यंत्रासाठी पपी लिनक्सचा तसा प्रकार शोधावा.

कृती अवघड नाही. दुसऱ्या चांगल्या संगणकावर मिंटची फाइल उतरवून घ्यावी. ती पेनड्राइव्हवर नुसती नकलून भागत नाही. रूफस किंवा एचर या साधनाने लिहावी लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते. मग जुने यंत्र सुरू करताना एफ-१२ किंवा त्या यंत्रास लागू असलेली कळ दाबून ‘पेनड्राइव्हवरून चाल’ असे सांगावे. येथे लिनक्सचा मोठा गुण दिसतो. बसविण्याआधीच ते चालवून पाहता येते, साडी घेण्याआधी अंगावर टाकून पाहावी तसे. वायफाय लागते का, आवाज येतो का, हे तेव्हाच पाहावे. पसंत नसल्यास पेनड्राइव्ह काढावा. जुने सर्व जागच्या जागी असते.

पण पुढच्या पायरीवर मी आपणांस हात धरून थांबविणार आहे. बसविताना ‘इरेज डिस्क’ असा पर्याय येतो. त्याचा अर्थ सर्व पुसून टाक. आपल्या संगणकात बचतगटाचे हिशोब होते, आणि मंडळाच्या संस्थापक भगिनींची छायाचित्रे होती. त्यांतील दोघी आज हयात नाहीत. त्या छायाचित्रांची दुसरी प्रत कोणाकडेही नव्हती. म्हणून आम्ही तिघींनी दोन दिवस केवळ नकला करण्यात घालविले. दोन ठिकाणी ठेवल्या, उघडून पाहिल्या, एक खजिनदारबाईंच्या स्वाधीन केली आणि मगच ती कळ दाबली. दाबताना नकलांचा पेनड्राइव्ह यंत्रास लावलेला नसावा, हेही ध्यानी ठेवा.

दुसरी एक गोष्ट मराठी घरांपुरती. जुना मजकूर श्रीलिपीसारख्या टंकांत असेल, तर तो टंक नसलेल्या यंत्रावर अगम्य चिन्हे उमटतात. तेव्हा विंडोज असतानाच त्याच्या पीडीएफ करून घ्याव्यात. नव्या प्रणालीत युनिकोड मराठी उत्तम चालते. इनस्क्रिप्टचा कळफलक जोडला की झाले. पत्रे व हिशोब यांसाठी लिबरऑफिस असते. वर्डमधील जुनी पत्रे त्यात उघडतात, क्वचित मांडणी थोडी हलते. टॅली मात्र विंडोजसाठीच आहे. ज्यांचा धंदा टॅलीवर चालतो त्यांनी या वाटेस जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक. प्रणाली हलकी झाली तरी इंटरनेटवरील पाने हलकी होत नाहीत. दोन जीबीच्या यंत्रावर दहा पाने एकदम उघडली, तर ते पुन्हा बसेल. तपकीर गल्लीत जुन्या प्रकारची मेमरी शोधता येते. मात्र ब्लाऊजपीसला मॅचिंग पाहण्यास साडी नेतो, तशी जुनी पट्टी नमुन्यादाखल बरोबर न्यावी.

आपला संगणक आता खिडकीशी मांडला आहे. छायाचित्रे त्यावर पाहता येतील. ज्यांना आपल्या घरच्या यंत्रावर हा प्रयोग करावयाचा आहे, त्यांनी बुधवारी दुपारी तीन वाजता यावे. येताना आठ जीबीचे दोन पेनड्राइव्ह आणावेत, एक नकलांसाठी व एक मिंटसाठी. छायाचित्रे फार असतील, तर नकलांचा पेनड्राइव्ह त्या मानाने मोठा घ्यावा.