कुटाराच्या गंजीवरील बुरशी
(तिवसा येथे शेतकरी व पशुपालकांसमोर केलेले भाषण)



तिवशात बोलायला उभे राहिल्यावर येथे काय पिकते हे कुणाला विचारावे लागत नाही. कापूस, सोयाबीन, तूर आणि संत्रा. पीक घरी आले की पऱ्हाटी व तुराटी चुलीत किंवा धुऱ्यावर, कुटार गंजीत. गंजी भिजली की तिच्यावर बुरशी चढते आणि आपण हळहळतो. आज मी त्या बुरशीच्याच कुळाविषयी बोलणार आहे. योग्य जातीची बुरशी निवडून स्वच्छ जागी वाढविली, तर ती पशुखाद्याला उपयोगी पडणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम, निर्माण करते.

तुरीच्या मर रोगासाठी आपण बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळता. तिचीच एक बहीण ट्रायकोडर्मा रीसी. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती कापड कुजू लागले, तेव्हा ती शास्त्रज्ञांच्या हाती लागली. कापूस पचविणारे सेल्युलेज हे विकर ती मुबलक सोडते. सैन्याचे तंबू खाणारी ही बुरशी पुढे कारखान्यांत कामाला लागली! त्याही आधी, १८९४ साली, जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने गव्हाच्या कोंड्यावर वाढविलेल्या बुरशीच्या विकराचे अमेरिकेत पेटंट घेतले होते. कोंडा हा आपण टाकाऊ समजतो तो माल, हे ध्यानात घ्यावे.

पशुखाद्यात सर्वांत महत्त्वाचे विकर फायटेज. धान्य आणि सोयाबीनची पेंड यांतील सुमारे दोन तृतीयांश स्फुरद फायटिक आम्लात बांधलेले असते. कोंबडीला ते सोडविता येत नाही. म्हणून खाद्यात वरून महागडे स्फुरद मिसळावे लागते आणि मूळचे विष्ठेवाटे वाया जाते. अॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीचे फायटेज किलोभर खाद्यात साधारण ५०० युनिट मिसळले, की या स्फुरदाचा मोठा भाग मोकळा होतो. नेदरलँड्समध्ये १९९१ पासून ते बाजारात आले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही आपल्याच संग्रहातील अॅस्परजिलस नायजरपासून फायटेज मिळविण्यावर संशोधन झाले आहे. गायी-म्हशींची गोष्ट निराळी. त्यांच्या कोटीपोटातील जीवाणू हे काम स्वतःच करतात. त्यामुळे फायटेजच्या पिशवीने गाय जास्त दूध देईल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

कृती ऐकायला सोपी आहे. कोंडा किंवा पेंड निम्मी ओली करावी, वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करावी, शुद्ध बीजाणू मिसळून परातींत पातळ थर द्यावा. ३० अंशांच्या आसपास चार-सहा दिवसांत बुरशी वाढते. मग पाण्याने विकर काढून, गाळून, कोरड्या भुकटीत आणावे. संत्र्याच्या सालीवर हीच काळी बुरशी पेक्टिनेज देते. वरूड-मोर्शीच्या बाजूला सालींचे ढीग पाहिले की मला हे आठवते.

मात्र हे परसातील काम नव्हे. वाढताना बुरशी स्वतःच तापते. थर जाड झाला तर आतली मरते आणि परका जंतू शिरला तर सगळी परात फेकावी लागते. त्याहून मोठा धोका तिच्या भावंडाचा. अॅस्परजिलस फ्लेव्हस ओल्या सरकी ढेपेवर व मक्यावर वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष करते. ते गाईच्या दुधात उतरते, दूध उकळूनही जात नाही. आमच्याच घरी एका पावसाळ्यात भिजलेली ढेप वाया जाऊ नये म्हणून वाळवून बैलांना घातली होती. दोघेही चार दिवस दावणीला तोंड लावेनात. ‘बुरशी उपयोगी आहे’ एवढेच ऐकून उद्या कोणी बुरसलेले कुटार गोठ्यात टाकले, तर माझे येणे व्यर्थ गेले असे मी समजेन.

मग आपल्या हाती काय? माझ्या मते, विकराचा कारखाना एकट्याने काढण्याच्या फंदात पडू नये. गटाने चुनी, कोंडा, साल स्वच्छ वाळवून, ओलावा मोजून साठविता आली, तर असा माल एखाद्या उद्योगाला दरासह सांगता येतो. आज तो मातीमोल जातो, कारण तो एकसारखा नसतो. आणि कुक्कुटपालकांनी विकर घेताना युनिटचा आकडा व तपासणीचा दाखला मागावा. खाद्याच्या गोळ्या करणार असाल, तर ८० अंशांच्या वाफेत ते टिकते का, हेही विचारावे. साधे विकर त्या उष्णतेत बरेचसे निकामी होते.

आता आपले प्रश्न घेतो.