संधिपाद जीव : ओळख आणि यतना

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवानिमित्त व्याख्यान देण्याचे निमंत्रण आले तेव्हा मी क्षणभर संकोचलो. मी प्राणिशास्त्राचा निवृत्त अध्यापक. विद्येच्या नावाखाली प्रयोगशाळेत किती जीवांचे प्राण घेतले जातात, हे मी जवळून पाहिले आहे. त्यात माझाही हात आहे. त्याविषयी शेवटी बोलेनच. तत्पूर्वी विषयाकडे वळतो.

झुरळ, मुंगी, फुलपाखरू, कोळी, विंचू, गोचीड, गोम, वाणी, खेकडा आणि कोळंबी यांच्यात सारखे काय आहे? या सर्वांचे पाय सांध्या-सांध्यांचे असतात, शरीर खंडांचे बनलेले असते आणि त्यावर कायटीन नावाच्या द्रव्याचे टणक आवरण असते. आपला सांगाडा आत, त्यांचा बाहेर. हे आवरण देहाबरोबर वाढत नाही, म्हणून वाढीच्या काळात प्रत्येकाला ते वेळोवेळी टाकावे लागते. नवे आवरण टणक होईपर्यंत तो जीव अगदी असहाय असतो. या सर्वांचा मिळून जो संघ होतो, त्यास 'संधिपाद' म्हणतात. आजवर शास्त्रीय नाव मिळालेल्या प्राणिजातींपैकी चार पंचमांशांच्या आसपास या एकाच संघात आहेत. नुसत्या कीटकांच्याच दहा लाखांवर जातींची नोंद झाली असून त्यांपैकी सुमारे चार लाख भुंगेरे आहेत. नाव न मिळालेल्या जाती याहून कितीतरी अधिक असाव्यात, असे अभ्यासक मानतात.

एवढ्या मोठ्या पसाऱ्याची विभागणी कशी करावयाची? स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत कोळी, विंचू, गोम आणि खेकडा या सर्वांना 'कीटक' याच वर्गात बसविले होते. पुढे फ्रान्सच्या लामार्कने कवचधारी आणि कोळीवर्गीय प्राण्यांना त्यातून वेगळे केले. आज हयात संधिपादांचे चार मोठे गट सांगितले जातात. पहिला कोळी, विंचू, गोचीड यांचा. यांना बहुधा आठ पाय असतात, डोक्यावर शृंगिका नसतात आणि तोंडाशी नांगीसारखे अवयव असतात. दुसरा गोम आणि वाणी या बहुपादांचा. तिसरा खेकडा, कोळंबी इत्यादी कवचधाऱ्यांचा, ज्यांना शृंगिकांच्या दोन जोड्या असतात. चौथा षट्पदांचा, म्हणजे सहा पाय, शृंगिकांची एक जोडी आणि डोके, वक्ष व उदर असे तीन भाग असणाऱ्यांचा. अलीकडच्या जनुकीय अभ्यासाने तर असे दाखविले आहे की षट्पदांचा उगम कवचधाऱ्यांच्याच कुळात झाला. म्हणजे अंगणातील मुंगी ही तिच्या शेजारून जाणाऱ्या गोमीपेक्षा समुद्रातील कोळंबीच्या अधिक जवळच्या नात्याची आहे!

आपल्यापुढे मुद्दाम सांगावयाची गोष्ट अशी की जैन परंपरेने या जीवांचे वर्गीकरण फार पूर्वीच केले आहे. मात्र तिने विचारलेला प्रश्न निराळा होता. शास्त्र विचारते, 'हा कोणाच्या कुळातला?' परंपरेने विचारले, 'याला कोणकोणत्या इंद्रियांनी जाणवते?' उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात कृमी, मुंगी, भ्रमर आणि मनुष्य अशी एकेका इंद्रियाने चढती उदाहरणे आहेत. शांतिसूरींच्या 'जीवविचार' प्रकरणात गोम, ढेकूण, उवा, मुंग्या, वाळवी आणि इंद्रगोप हे त्रींद्रिय, तर विंचू, भ्रमर, टोळ, माशी आणि डास हे चतुरिंद्रिय म्हणून मोजले आहेत.

हे दोन्ही कप्पे जुळत नाहीत. विंचू आणि भ्रमर तेथे एकत्र आहेत, येथे वेगळे. आजचे शास्त्र मुंगीलाही डोळे असल्याचे सांगते आणि रातकिड्याचे कान त्याच्या पुढच्या पायांवर दाखविते. यावरून कोण बरोबर असा वाद घालण्यात मला स्वारस्य नाही. पायाखालच्या जीवाला काही जाणवते, हे गृहीत धरूनच त्याची गणना करावयाची, ही दृष्टी मला विद्यापीठात कोणी शिकविली नव्हती.

आणि या गणनेचा हेतू यतना हाच आहे. ज्याला आपण ओळखत नाही, त्याला आपण जपणार कसे? घरातलेच उदाहरण घ्या. गव्हातील सोंडा हा भुंगेऱ्याचाच एक प्रकार. त्याची मादी आपल्या सोंडेने दाण्याला छिद्र पाडते, त्यात अंडे घालते आणि ते छिद्र बुजवून टाकते. वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यात अळी वाढत असते. म्हणून कीड दिसू लागल्यावर निवडणे, पाखडणे हा उशिराचा उपाय. नवे धान्य साठविण्यापूर्वीच नीट वाळविले आणि कोरड्या, बंद कणगीत ठेवले, तर सोंड्याची पैदास होत नाही. मग औषध घालून मारण्याचा प्रसंगच येत नाही. आपल्या आजी-पणजी हे करीत होत्या. कीटकाचे जीवनचक्र कळले की त्यामागचे कारणही कळते.

आता राहिलेली गोष्ट. अनेक वर्षांपूर्वी मी शिकवीत असताना प्रत्येक विद्यार्थ्याने पन्नास कीटक मारून, टाचणीला टोचून पेटीत लावून आणावेत, असा नियम होता. एका जैन मुलीने पेटी आणली नाही, वही आणली. तीत जिवंत जीवांची चित्रे आणि नोंदी होत्या. गोमीच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी आणि वाणीच्या बहुतेक वेढ्यांना दोन, हे तिने ओसरीवर बसून मोजले होते. मृगाच्या लाल मखमली किड्याखाली तिने लिहिले होते, 'पाय आठ. म्हणून हा कीटक नव्हे, कोळ्याच्या गोतातला.' नोंद अचूक होती. मी ती वाचली, आणि नमुने नाहीत म्हणून तिला निम्मे गुण दिले.

ती काही बोलली नाही. वही घेऊन गेली. पुढे तिने विषय बदलला, असे कळले.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राणिशास्त्रातील विच्छेदन कमी करण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या, तेव्हा मला प्रथम ती वही आठवली. काही संशोधनाला नमुने लागतात, हे मी नाकारत नाही. परंतु शिकावयाला आलेल्या मुलांना ओळख पटविण्यासाठी मारण्याची गरज नव्हती. एका विद्यार्थिनीने ते माझ्यापुढे सिद्ध करून ठेवले होते, आणि वर्गीकरण शिकविणाऱ्या मला ते दिसले नाही.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षी माझी एकच विनंती आहे. आपल्या पाठशाळेतील मुलांना जीवांचे भेद पाठ करवून घेता, तसे त्यांना पावसाळ्यात अंगणातही न्या. भिंग द्या, वही द्या. पाय मोजू द्या. ज्या मुलाने एकदा वाणीचे पाय मोजले, ते तिच्यावर पाय देणार नाही.

ती विद्यार्थिनी आज कोठे असेल ते मला ठाऊक नाही. तिचे राहिलेले गुण मी आज या व्यासपीठावरून तिला देतो आणि आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.