स्वार्थ आणि न्याय



प्रत्येकानें केवळ आपलें हित पाहावें, हीच खरी नीति, असें कित्येक विद्वान म्हणतात. या मताची परीक्षा आम्ही आपल्या मुळशीच्या भूमीवरच करूं इच्छितों.

मुळा आणि निळा नद्यांच्या संगमावर टाटा कंपनीनें धरण आरंभिलें, तेव्हां १९२१ सालीं येथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला. मुंबईच्या गिरण्यांस वीज हवी होती. बहुतेक सावकार-जमीनदारांस रोख मोबदला पुरेसा होता. राबणाऱ्या कुळांस मात्र आपलीं भातखाचरेंच हवीं होतीं. तिघांचाही स्वार्थच, मग न्याय कोणाचा? स्वार्थापाशीं या प्रश्नास उत्तर नाहीं. तेथें बळ निवाडा करतें. अखेर धरण झालें, गांवें बुडालीं.

सेनापति बापट तर पारनेरचे; तरी या लोकांसाठीं त्यांनीं कारावास सोसला. यावर कोणी म्हणेल, त्यांत त्यांस समाधान लाभलें, म्हणून तोही स्वार्थच. परंतु दुसऱ्याचें दुःख आधीं आपलें वाटल्याखेरीज असलें समाधान उपजतच नाहीं.

स्वतःचें घर राखणें हें पाप नव्हे. शेजाऱ्यावर प्रीति करण्याची आज्ञाही आपल्या स्वतःवरील प्रीतीचेंच माप घेते. पण माप म्हणजे न्यायाधीश नव्हे. तें माप आपणांस व शेजाऱ्यास सारखेंच लावणें, येथेंच नीतीचा आरंभ होतो. तशी बुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो.