भिंतीऐवजी वई

मंडळी, उपनगरं कशी फोफावली आणि त्यात झाडं कशी गेली, हे तुम्ही आपापल्या खिडकीतून पाहिलंच आहे. त्यात वेळ घालवत नाही. माझा आग्रह एकच : सोसायटीच्या नकाशात हद्दीलगत तीन फूट रुंद माती आधी राखून ठेवा आणि तिच्यात खाता येईल अशी मिश्र वई लावा. आज प्लॉट ताब्यात आला की पहिली उभी राहते भिंत. मग तिच्या पायथ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक, आणि शेवटी शोभेला सोनेरी ड्युरांटा. पंधरवड्याला कात्री लागली की त्याला फूल धरत नाही, त्यात घरटंही टिकत नाही.

‘जिवंत कुंपण तग धरत नाही,’ असं पहिल्या रांगेतून आताच कोणी म्हणालं. त्यांना ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमचं उदाहरण देतो. काँग्रेसच्या स्थापनेतला ह्यूम, मोठा पक्षिअभ्यासकही. १८६७ ते १८७० या काळात तो अंतर्गत जकातीचा आयुक्त होता. मिठाची चोरटी वाहतूक अडवायला सिंधूपासून बऱ्हाणपूरमार्गे ओडिशाकडे जाणारी जकातरेषा होती आणि तिच्यावर शेकडो मैल काटेरी कुंपण. वाळक्या काट्यांना वाळवी लागे, आग लागे, वादळात ते उडून जात. म्हणून ह्यूमने जिवंत कुंपणावर भर दिला : बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, सागरगोटा. जमीन निकस होती तिथे चर खणून बाहेरची माती भरली. नीट वाढलेलं कुंपण १० ते १४ फूट उंच झालं. १८७९ मध्ये ती रेषा मोडीत निघाली ते बरंच झालं. गरिबाच्या मिठावरचा तो कर जुलमीच होता. पण झाडं बघा, सगळी आपल्या माळावरची! आणि मातीवर घेतलेली मेहनत बघा...

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरलीत. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

बाहेरच्या बाजूला करवंद, आत अडुळसा, जास्वंद, कढीलिंब, लिंबू; वर तोंडली आणि घोसाळी चढवा. २०१५ साली राज्याचं फुलपाखरू ठरलेल्या नीलवंताच्या अळ्या लिंबाच्या पानांवर वाढतात. पानं कुरतडलेली दिसली की फवारणी करू नका. शिंपी पक्षी पावसाळ्यात घरटी शिवतो, म्हणून छाटणी पावसाळा संपल्यावरच.

मागून ‘साप, साप’ ऐकू येतंय, हशाही झाला, पण प्रश्न खरा आहे. साप येतो उंदरामागे आणि उंदीर येतो उघड्या कचऱ्यामागे. सलग भिंत मुंगसाची वाट मात्र बंद करते. कचरा रोज उचला, वईचा बुंधा मोकळा ठेवा.

सध्या करवंदं पिकली आहेत. खाऊन झाल्यावर बिया फेकू नका. त्या लवकर निकामी होतात, म्हणून धुऊन लगेच पिशव्यांत पेरा आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत त्या तीन फूट मातीचा ठराव मांडा.