गाण्याची पहिली थाप

आम्ही शिरोळ तालुक्यातल्या बचत गटांच्या बायका. हप्ता, व्याज, कर्ज हे आपलं नेहमीचंच. आज गाण्याबद्दल बोलू, आणि तेही गाण्याच्या सुरुवातीबद्दल.

यात्रेत हलगी कडाडली, घुमकं आणि कैताळ तिच्या जोडीला लागलं, की घरात बसवत नाही. वरातीत 'झिंगाट' लागलं, की शब्द यायच्या आधीच पोरंपोरी उठतात. 'सैराट' २०१६ साली आला, पण त्या गाण्याची सुरुवात आजही लहान पोरसुद्धा ओळखतं.

ही सुरुवात काय काम करते? गाणारीला सूर देते, नाचणारीला लय देते आणि लांब बसलेल्याला हाक मारते. तमाशात आधी ढोलकी आणि तुणतुणं वाजतं, मग गणपतीचा गण, मग गवळण. लोक गोळा होऊन बसेपर्यंत वाद्यंच फड सांभाळतात. १९५९ साली 'सांगत्ये ऐका' आला. वसंत पवारांच्या संगीतात, सांगलीत जन्मलेल्या आशाताईंनी त्यात 'बुगडी माझी सांडली गं' गायलं. ते वाजायला लागलं की आजही आपली मान आपोआप डोलते.

त्याच काळात तिकडं अमेरिकेत 'रॉक अँड रोल' नावाचं नाचायला लावणारं गाणं गाजत होतं. मुळात ते काळ्या लोकांच्या गाण्यातून आलेलं. तेव्हाची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजायची, म्हणून सुरुवातीच्या काही सेकंदांतच ऐकणाऱ्याला धरावं लागे. चक बेरी यांच्या १९५८ सालच्या 'जॉनी बी. गुड' या गाण्याची सुरुवात नुसत्या गिटारवर आहे. ती जगभर इतकी गाजली, की १९७७ साली अवकाशात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतही हे गाणं गेलं.

पण त्यांच्या आधी सिस्टर रोझेटा थार्प नावाची एक काळी बाई विजेवरची गिटार घेऊन देवाची गाणी गात होती. १९४० च्या दशकातच तिची गाणी गाजली होती. पुढच्या गड्यांनी तिच्याकडून पुष्कळ घेतलं. रॉक अँड रोलच्या मानाच्या यादीत चक बेरी १९८६ साली, पहिल्याच वर्षी बसले. रोझेटाचं नाव लागलं २०१८ साली. तिला जाऊन तेव्हा पंचेचाळीस वर्षं झाली होती.

हे ऐकून आम्हाला आपलंच आठवलं. आपल्याकडं गाणी बायकांची, पण ढोलकी गड्याच्या हातात. मागं एका गावात गौरीच्या वेळी गटाचा कार्यक्रम होता. ढोलकीवाला आलाच नाही. बायका नटूनथटून तासभर बसून राहिल्या. शेवटी एका आजीनं परात पालथी घातली, बोटांनी ठेका धरला आणि पहिली ओळ उचलली. बाकीच्या आपोआप उठल्या. मग सूप नाचलं, घागर घुमली, काटवट काणाही झाला.

त्या आजींच्या पिढीला कुणी वाजवून द्यावं लागत नव्हतं. जात्याची घरघर हीच त्यांची सुरुवात. पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, भावाला. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या टिकल्या. आपल्या गावातल्या ओव्या कोण गोळा करणार? जाती कधीच कोपऱ्यात गेली. ओवी कुठल्या सुरात उचलायची हे माहीत असलेल्या म्हाताऱ्याही आता थोड्याच उरल्या आहेत.

तर सख्यांनो, दोन कामं करूया. येत्या बैठकीला गावातल्या एका आजीला बोलवा. हादग्याचं, पंचमीचं, जात्यावरचं गाणं ती कसं उचलते, ते मोबाईलवर भरून घ्या. त्यांची परवानगी विचारा आणि गटाच्या वहीत त्यांचं नाव लिहा. दुसरं काम, प्रत्येक गटातल्या दोघींनी ढोलकी शिकायची. डाव्या हाताचा घुमारा आणि उजव्या हाताची टणक थाप बसायला वेळ लागेल, बोटं दुखतील, दारातून जाणारे हसतील. हसू देत. बचत गट काढला तेव्हाही हसलेच होते.

पुढच्या गौरीला कुणाची वाट बघत बसायचं नाही. पहिली थाप आपलीच पडू दे.