रस्ता रुंद व्हावा, बाजार उठू नये

(मंडळाच्या सर्वसाधारण सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



"शहरांचा पुनर्विकास आणि आपले बाजार" हा विषय मंडळाने आमच्याकडे सोपवला. आम्ही नगररचनेचे तज्ज्ञ नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि बँकेत कारकुनी करीत आहोत. पण बँकेच्या काउंटरवरून बाजार जसा दिसतो तसा तो नकाशात दिसत नाही. नकाशात दुकानाची फक्त रेघ असते. आमच्याकडे त्या दुकानाचे खाते असते, कर्ज असते, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव असते. म्हणून जे बोलायचे ते हिशेबाच्या अंगाने बोलणार आहोत.

प्रथम आपल्या शहरांकडे पाहू. बहामनी राजधानी पंधराव्या शतकात कलबुर्गीहून बिदरला आली. जुन्या शहराच्या मध्यभागी चौबारा उभा आहे, सुमारे ७१ फूट उंचीचा. त्याच्यापासून चार दिशांना रस्ते निघतात. किल्ल्याच्या दिशेने जाताना महमूद गवान यांचा १४७२ साली बांधून झालेला मदरसा लागतो. या परिसरात आजही बाजार आहे, बिदरी कारागीर आहेत. हे शहर आखणाऱ्यांना बाजारपेठ कशाला म्हणतात हे नीट ठाऊक होते. शेजारच्या लातूरची गंजगोलाई पाहा. १९१७ सालच्या आखणीत मध्यभागी गोल आणि त्याला मिळणारे सोळा रस्ते. बाजार म्हणजे माणसांना एकत्र आणणारी जागा, हे निजामाच्या काळातल्या आखणीकारांनीही ओळखले होते.

आता गेल्या वीस वर्षांचा हिशेब मांडू. २००५ साली केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू शहरी पुनरुत्थान योजना आणली. निवडलेली शहरे ६३. कर्नाटकातून बंगळूर आणि म्हैसूर. बिदर नाही, गुलबर्गाही नाही. २०१५ साली स्मार्ट सिटी योजना आली. शंभर शहरे निवडली गेली. बेळगाव, हुबळी-धारवाड, दावणगेरे, शिवमोग्गा, तुमकूर, मंगळूर, बंगळूर यांची नावे लागली. आपली दोन्ही शहरे पुन्हा बाहेर. मार्च २०२५ मध्ये ती योजना संपलीसुद्धा. आपल्या वाट्याला आली अमृत योजना. तिचा भर पाणी आणि मलनिस्सारणाच्या नळांवर. शिवाय ३७१ (जे) कलमानंतर स्थापन झालेल्या विभागीय विकास मंडळाचा निधी. तो मोलाचा आहे, पण शाळा, दवाखाने, रस्ते या सगळ्यांना तोच पुरवायचा.

याचा परिणाम असा झाला की आपल्याकडे पुनर्विकास या शब्दाचा अर्थ आकसला. इतर शहरांत पुनर्विकास म्हटले की पदपथ, जुन्या इमारतींची डागडुजी, गाड्या लावण्याची सोय, दिवे, शौचालये, गाडेवाल्यांना जागा असे सगळे येते. आपल्याकडे पुनर्विकास म्हणजे भिंतीवर लाल रंगाची खूण आणि मागून येणारे यंत्र. २०१० च्या आगेमागे बिदर शहरात रुंदीकरणाची जी मोहीम झाली ती आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे.

गैरसमज नको. आम्ही रुंदीकरणाच्या विरोधात नाही. आग लागली तर बंब गल्लीत शिरला पाहिजे. बाळंतिणीला घेऊन निघालेली गाडी बाजारात अडकता कामा नये. पावसाचे पाणी दुकानात शिरू नये म्हणून गटारे हवीतच. प्रश्न इतकाच की रस्ता रुंद करताना हिशेबात कोणाला धरले आणि कोणाला वगळले.

एक साधे उदाहरण घेऊ. दुकान बारा फूट खोल आहे. रुंदीकरणात आठ फूट गेले. कागदावर दोन तृतीयांश जागा गेली आणि एक तृतीयांश उरली. प्रत्यक्षात काय उरले? चार फुटांत कापडाचे कपाटही मावत नाही. म्हणजे दुकान पूर्णच गेले, मोबदला मात्र आठ फुटांचा. त्यातही जागा मालकाची असेल तर मोबदला मालकाला. चाळीस वर्षे भाडे भरणारा, पागडी देऊन बसलेला दुकानदार हात हलवत घरी.

आता बँकेची बाजू. समजा, त्या दुकानदाराचे कॅश क्रेडिट खाते आहे. दुकानात आठ लाखांचा माल. बँक त्यातून २५ टक्के मार्जिन वजा करते आणि सहा लाखांपर्यंत उचल देते. त्याने पाच लाख उचलले आहेत. दुकान तुटले, माल चार लाखांवर आला. उचलीची मर्यादा झाली तीन लाख. वरचे दोन लाख आणायचे कोठून? खाते ९० दिवस मर्यादेबाहेर राहिले की ते अनुत्पादक ठरते. मग नोटीस, जामीनदाराच्या घरी फेऱ्या, पुढचे कर्ज बंद. ज्याने कधी हप्ता चुकवला नाही असा माणूस रस्ता रुंद झाला म्हणून थकबाकीदार होतो. हा खर्च कोणत्याही प्रकल्प अहवालात दाखवलेला नसतो.

शेजारी नांदेडला काय झाले ते पाहण्यासारखे आहे. २००८ साली गुरू ग्रंथसाहिबांच्या गुरगद्दीला ३०० वर्षे होणार होती. नांदेड नेहरू योजनेतही होते. तारीख ठरलेली, निधी हाताशी, म्हणून रस्ते, पूल, गुरुद्वाऱ्याचा परिसर अशी कामे झपाट्याने झाली. ठरलेली तारीख आणि हातात पैसा असला की सरकारी काम होते, हा तिथला धडा. पण कोणत्याही शहरात दुसरा एक नियम लागू असतो. दुकान हलवता येते, गिऱ्हाईक हलवता येत नाही. गावाबाहेर बांधलेला गाळा कितीही स्वच्छ असला तरी तिथे नवे गिऱ्हाईक जमेपर्यंतची दोन-तीन वर्षे त्या कुटुंबाने काय खायचे?

मुंबईच्या भेंडी बाजाराचे उदाहरण वेगळे आहे. २००९ साली एका विश्वस्त संस्थेने साडेसोळा एकरांच्या त्या परिसराचा पुनर्विकास हाती घेतला. तिथे सुमारे ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने होती. आधी मोजणी केली, दुकानांसाठी नव्या आराखड्यात जागा राखली, तोवर लोकांच्या तात्पुरत्या राहण्याची सोय केली आणि मग पाडकाम केले. काम लांबले, अडचणी आल्या. २०२० मध्ये पहिल्या इमारतींत लोक राहायला आले. ते मुंबईचे गणित. जमिनीला तिथे सोन्याचा भाव, तो आपल्याकडे नाही. पण आधी मोजा आणि मग पाडा, हा क्रम पाळायला सोन्याचा भाव लागत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण आपले बरेच नुकसान माहिती नसल्यामुळे होते.

पहिली गोष्ट. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील महाराजगंज येथील एका घराच्या पाडकामाबाबत निकाल दिला. २०१९ साली रस्ता रुंदीकरणात ते घर पाडले होते. न्यायालयाने २५ लाख रुपये अंतरिम भरपाई देण्यास सांगितले आणि सर्व राज्यांसाठी पद्धत घालून दिली. अभिलेखानुसार रस्त्याची सध्याची रुंदी किती ते आधी पाहा. अतिक्रमण आहे का याची मोजणी करा. असल्यास रीतसर नोटीस द्या. हरकत आली तर कारणे देऊन निर्णय द्या. आणि रुंदी कमीच पडत असेल तर जमीन कायद्याने संपादित करा. म्हणजे खासगी मालकीच्या जागेवर नुसती लाल खूण करून भागत नाही.

दुसरी गोष्ट. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंब या व्याख्येत फक्त मालक येत नाही. त्या जागेवर ज्याची मुख्य उपजीविका संपादनापूर्वी तीन वर्षे अवलंबून आहे, तो भाडेकरू आणि कारागीरही येतो. विस्थापित होणाऱ्या कारागिराला आणि लहान व्यापाऱ्याला किमान २५,००० रुपये एकरकमी मदत कायद्याच्या अनुसूचीत लिहिलेली आहे. रक्कम तुटपुंजी आहे, पण त्यामुळे तुमचे नाव यादीत येते. मात्र "तीन वर्षे" हे सिद्ध कोण करणार? कागद.

तिसरी गोष्ट मालकांसाठी. शहरी भागात मोबदला ठरतो तो बाजारमूल्य आणि तेवढेच दिलासा मूल्य मिळून. बाजारमूल्य काढताना परिसरातील नोंदलेली खरेदीखते पाहतात. आपण मुद्रांक वाचवण्यासाठी खरेदीखतात आकडा कमी लिहितो. ते वाचवलेले पैसे संपादनाच्या दिवशी आपल्याच खिशातून दुपटीने जातात. शेजाऱ्याने कमी लिहिलेला आकडाही तुम्हाला भोवतो. काही वेळा रोख मोबदल्याऐवजी विकास हक्क घेण्याची सूचना होते. मोठ्या शहरात त्या हक्काला गिऱ्हाईक मिळते. आपल्या गावात तो विकत घेणारा कोण, हे विचारल्याशिवाय सही करू नये.

चौथी गोष्ट गाडेवाले, भाजीवाल्या, फुटपाथवरचे चांभार यांच्यासाठी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिल्याशिवाय विक्रेत्यांना उठवता येत नाही. शहर विक्री समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला. पन्नास वर्षांहून जुन्या नैसर्गिक बाजाराला वारसा बाजार मानावे आणि तेथील विक्रेत्यांना हलवू नये, हे तत्त्वही त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. चौबाऱ्याच्या परिसरात, कलबुर्गीच्या जुन्या बाजारांत हे तत्त्व कोठे कोठे लागू होते याची यादी करायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

आणि भाषा. नोटीस कळली नाही तर हरकतीची मुदत निघून जाते. कन्नड ही राज्याची भाषा आहे, ती आपण शिकतो, आपली मुले बोलतात. पण औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या भागांतील वयस्क दुकानदाराला कायदेशीर कन्नड वाचता येतेच असे नाही. ज्या तालुक्यात किंवा नगरपालिकेत भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण १५ टक्के किंवा अधिक आहे, तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या मान्य संरक्षणांपैकी एक आहे. राज्यघटनेचे ३५० वे कलम तर सांगते की गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडता येते. ही मागणी कोणाच्या विरोधात नाही. बाजारात आपल्या शेजारी कन्नड बोलणारा आहे, उर्दू बोलणारा आहे. यंत्र आले की ते भाषा विचारत नाही. म्हणून हरकतीही एकत्र द्याव्यात.

हे सगळे आजच का? १७ सप्टेंबर २०२४ रोजी कलबुर्गीत झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत बिदरला महानगरपालिका करण्याचा निर्णय झाला. शहराची हद्द आणि कामांचा आवाका वाढणार, नवे आराखडे येणार. ही चांगली गोष्ट आहे, त्यात आपली बाजूही असली पाहिजे. २०१४ साली जागतिक स्मारक निधीने बिदरच्या ऐतिहासिक शहराचा आपल्या निगराणी यादीत समावेश केला होता. जग ज्या शहराकडे वारसा म्हणून पाहते त्या शहरातले कारागीर आणि दुकानदार हाही त्या वारशाचाच भाग आहे. त्यांच्यावाचून चौबारा नुसता मनोरा राहील.

म्हणून मंडळापुढे चार कामे ठेवतो.

एक, प्रत्येक बाजारपेठेची मोजणी आपण स्वतः करावी. मालक, भाडेकरू, कारागीर, गाडेवाला, हमाल, सगळ्यांची नावे, आणि कोण किती वर्षे आहे.

दोन, प्रत्येकाने एक फाईल करावी. खाता उतारा, कराच्या पावत्या, भाडेपावत्या, व्यापार परवाना, वीजबिल, उद्यम नोंदणी, बँकेचा तीन वर्षांचा उतारा. भाडे रोख देत असाल तर या महिन्यापासून खात्यातून द्या. तोंडी भाड्याला पुरावा नसतो.

तीन, जागा बँकेकडे गहाण असेल तर खूण पडताच बँकेला लेखी कळवा. वेळेत कळवले तर हप्ते बदलून घेण्याचा विचार होऊ शकतो. थकल्यावर गेलात तर काउंटरवरच्या माणसाच्या हातात फारसे काही उरत नाही.

चार, आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होताच मंडळाने त्याचा मराठी गोषवारा काढावा आणि मुदतीत लेखी हरकती दाखल कराव्यात. भाडेकरूंची स्वतंत्र यादी करावी, काम टप्प्याटप्प्याने आणि सणासुदीचा हंगाम टाळून व्हावे, पर्यायी जागा त्याच परिसरात द्यावी, एवढ्या तीन मागण्या प्रत्येक हरकतीत असाव्यात.

बंधू-भगिनींनो, रस्ता रुंद झाल्यावर त्या कडेला बसणारा माणूस तोच असला, तर तो विकास. आपली फाईल तयार ठेवा, शेजाऱ्याचीही करून द्या. पुढच्या सभेला येताना मोजणीची वही घेऊन या.